बाबांची गोळी आणि आईची गोळी

आमच्या घरी रात्रीच्या जेवणानंतर बाबा एक बारीक पांढरी गोळी घेतात. सहा वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी करून एका धमनीत स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी धातूची बारीक जाळी, बसवला गेला, आणि तेव्हापासून रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन हा त्यांच्या दिनक्रमाचा भाग झाला. आईला मात्र ही गोळी कोणीही लिहून दिलेली नव्हती. तिचे वय सत्तरीच्या आसपास, रक्तदाब किंचित जास्त पण औषधाने आटोक्यात, आणि हृदयाचा त्रास आजवर कधीच नाही. "यांना रोज चालते, तर मला काय होणार आहे? झाला तर फायदाच होईल," असा साधा हिशेब मांडून तिने बाबांच्याच पट्टीतली एक गोळी रोज घ्यायला सुरुवात केली. महिनाभराच्या गोळ्या पंधरवड्यात संपू लागल्या तेव्हा बाबा विसरून दोनदा गोळी घेत असावेत असा आमचा समज झाला आणि त्यांना विनाकारण बोलणी खावी लागली. मग आम्ही त्यांच्यासाठी वारांचे खण असलेली डबी आणली, आणि आई निमूटपणे आपली पट्टी वेगळी आणू लागली.

पुढे सात-आठ महिन्यांनी तिला दोन जिने चढताना धाप लागू लागली, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, आणि शौचाला डांबरासारखे काळे होत असल्याचे तिने चार दिवस कोणाला सांगितलेच नाही. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन सातच्या थोडे वर होते. एंडोस्कोपीत जठरात व्रण, म्हणजे अल्सर, दिसला व त्याच्या तळाशी नुकतेच रक्त गळून गेल्याची खूण दिसली. कोणकोणती औषधे घेता, या प्रश्नाला तिने "फक्त रक्तदाबाची" असे उत्तर दिले, आणि ते खोटे बोलण्याच्या हेतूने दिलेले नव्हते. ॲस्पिरिनची गणना ती औषधांत करतच नव्हती. गुडघे फार दुखले की अधूनमधून घेतली जाणारी वेदनाशामक गोळीही तिच्या लेखी औषध नव्हती. दोन्ही गोळ्या मिळून जठराचे काय करतात हे आम्हाला त्या दिवशी कळले. त्यानंतरचे काही महिने मी या एका गोळीविषयी मिळेल ते वाचत राहिलो, कारण जी गोळी बाबांना जगवते तीच आईला रक्त चढवण्याची वेळ आणते, हे मला नीट समजून घ्यायचे होते.

सुरुवात 'रक्त पातळ करण्याची गोळी' या शब्दप्रयोगापासूनच करायला हवी, कारण अर्धा घोळ तिथेच आहे. ॲस्पिरिनने रक्त पातळ होत नाही. त्याचा दाटपणा होता तसाच राहतो. बदलते ते बिंबाणूंचे, म्हणजे प्लेटलेटचे, वागणे. रक्तवाहिनीला चीर पडली की बिंबाणू तिथे चिकटतात, थ्रॉम्बॉक्सेन नावाचे रसायन सोडून आजूबाजूच्या बिंबाणूंना हाक मारतात, आणि पाहता पाहता त्यांचा ढीग साचून भोक बुजते. बोट कापले असता हीच यंत्रणा आपल्याला वाचवते. हृदयाच्या धमनीत अस्तराखाली साठलेल्या मेदाच्या थराला तडा गेला, तर बिंबाणू तिथेही हेच करतात. बाहेरची जखम आणि धमनीच्या आतली चीर यांतला फरक त्यांना कळत नाही. दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या नळीत गुठळी झाली की पुढच्या स्नायूचा रक्तपुरवठा थांबतो, आणि यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो.

थ्रॉम्बॉक्सेन तयार करण्याचे काम बिंबाणूंमधल्या सायक्लोऑक्सिजनेज नावाच्या विकरावर (एन्झाइमवर) अवलंबून असते. ॲस्पिरिनचा रेणू या विकरापाशी येऊन आपला एक तुकडा, म्हणजे ॲसिटिल गट, त्याला कायमचा चिकटवून जातो. कुलपाच्या भोकात काडी मोडून बसावी तसे हे होते. मग किल्ली कितीही फिरवली तरी उपयोग नाही. शरीरातल्या इतर बहुतेक पेशी अशा वेळी नवे विकर बनवून मोकळ्या होतात, परंतु बिंबाणूंना केंद्रकच नसल्यामुळे त्यांना ते जवळपास जमत नाही. त्यामुळे एकदा ॲस्पिरिन भिडले की तो बिंबाणू मरेपर्यंत, म्हणजे सात ते दहा दिवस, अर्धवटच काम करतो. रक्तात मात्र ॲस्पिरिन स्वतः टिकत नाही. पंधरा-वीस मिनिटांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. इतक्या थोड्या वेळापुरते येऊन आठवडाभराचे काम करून जाणारे औषध विरळाच. अस्थिमज्जा रोज साधारण एक दशांश नवे बिंबाणू रक्तात सोडते, म्हणून गोळी रोज घ्यावी लागते, आणि म्हणूनच एवढीशी मात्राही पुरते. शिवाय आतड्यांतून यकृताकडे जाणाऱ्या रक्तातच बिंबाणूंची ॲस्पिरिनशी गाठ पडते आणि उरलेला बराचसा भाग यकृत निकामी करून टाकते, त्यामुळे कमी मात्रेत रक्तवाहिन्यांच्या अस्तरातले उपयोगी रसायन, प्रोस्टासायक्लिन, बरेचसे वाचते.

जाता जाता मात्रेविषयी एक गंमत. कित्येक देशांत ही गोळी ७५ किंवा १०० मिलिग्रॅमची असते, अमेरिकेत मात्र ८१ मिलिग्रॅमची. हा विचित्र आकडा कोणत्याही संशोधनातून आलेला नाही. जुन्या काळी औषधे ग्रेन या मापाने मोजत. पाच ग्रेनची गोळी म्हणजे सुमारे ३२५ मिलिग्रॅम, आणि तिचा एक चतुर्थांश म्हणजे ८१. जास्त मात्रेने जास्त संरक्षण मिळते का, हे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ॲडॅप्टेबल या चाचणीत पंधरा हजारांहून अधिक हृदयरुग्णांवर तपासले गेले. ८१ आणि ३२५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत झटके, पक्षाघात किंवा मृत्यू यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

हे सर्व ज्ञान तुलनेने अलीकडचे आहे. ॲस्पिरिन हे नाव १८९९ सालचे. बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने १८९७ साली ॲसिटिलसॅलिसिलिक आम्ल शुद्ध स्वरूपात तयार केले आणि पुढची पन्नास वर्षे ते ताप, डोकेदुखी व सांधेदुखीवर दिले गेले. त्याचा हृदयाशी संबंध जोडणाऱ्या पहिल्या काही लोकांत लॉरेन्स क्रेव्हन हे कॅलिफोर्नियातले एक साधे कुटुंब-डॉक्टर होते. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर घसा दुखतो म्हणून ॲस्पिरिन घातलेले च्युइंगम चघळणाऱ्या रुग्णांना जास्त रक्तस्राव होतो, हे त्यांच्या ध्यानात आले. रक्त गोठण्याला जर अडथळा येत असेल तर हृदयातली गुठळीही टळेल, असा सरळ तर्क करून त्यांनी आपल्या रुग्णांना ॲस्पिरिन द्यायला सुरुवात केली आणि १९५० च्या दशकात आपले अनुभव छापले. त्यांच्या म्हणण्यानुसार गोळी घेणाऱ्यांत कोणालाच झटका आला नाही. परंतु तुलनेसाठी गोळी न घेणारा गटच नसल्यामुळे या दाव्याला शास्त्रीय वजन नव्हते, नियतकालिकही फारसे वाचले जात नव्हते, आणि १९५७ साली क्रेव्हन स्वतः हृदयविकारानेच गेले. मला या माणसाविषयी विलक्षण आपुलकी वाटते. त्यांचे निरीक्षण रक्तस्रावापासून सुरू झाले होते, ही गोष्ट आईच्या आजारपणानंतर मला जास्तच लागली: या औषधाचा गुण प्रथम लक्षात आला तो त्याच्या दोषातून.

ॲस्पिरिन नेमके काय अडवते हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले आणि त्या कामासाठी त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कार्डिफमध्ये पीटर एलवुड, आर्ची कॉक्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका येऊन गेलेल्या १२३९ पुरुषांवर केलेली चाचणी १९७४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले, पण निष्कर्ष ठाम म्हणावा इतकी संख्या नव्हती. ती संख्या आयसिस-२ या चाचणीने पुरवली. झटक्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांना चारशेहून अधिक रुग्णालयांत ॲस्पिरिन, गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज, दोन्ही, किंवा दोन्हींपैकी काहीच नाही, असे चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले गेले. १९८८ साली निकाल आला, तेव्हा महिनाभर रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांत पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर आलेले दिसले. स्ट्रेप्टोकायनेजचा फायदाही जवळपास तेवढाच होता, आणि दोन्ही मिळून दिल्यास मृत्यू सुमारे ४२ टक्क्यांनी घटले.

याच चाचणीच्या अहवालात एक खोडकर तपशील आहे. रुग्णांचे लहान लहान गट पाडून प्रत्येकाचा वेगळा निष्कर्ष काढण्याचा आग्रह झाला, तेव्हा संशोधकांनी रुग्णांची जन्मराशीनुसार विभागणी करून दाखवली. तिच्यात मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनने किंचित अपायच होतो असे दिसले, तर बाकीच्या राशींना भरघोस फायदा. आकड्यांचे पुरेसे तुकडे केले की नुसत्या योगायोगातूनही काहीही सिद्ध करता येते, हे इतक्या थोडक्यात सांगितलेले मी दुसरीकडे कुठे वाचलेले नाही. बाबांची रास तूळ आहे, आणि ती हकीकत त्यांना सांगण्याची चूक मी केली. त्याचे काय झाले ते पुढे येईलच.

ज्यांच्या धमनीने एकदा दगा दिला आहे त्यांच्याविषयी, म्हणजे बाबांसारख्यांविषयी, वैद्यकात फारसा मतभेद नाही. मतभेद, आणि खरे तर मतांतर, झाले ते आईसारख्यांच्या बाबतीत. १९८९ साली अमेरिकेतल्या बावीस हजार पुरुष डॉक्टरांवरील चाचणीचा अंतिम अहवाल आला. दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्या निरोगी डॉक्टरांत पहिल्या झटक्याचे प्रमाण ४४ टक्क्यांनी घटले होते. या आकड्याने जग हलले आणि चाळिशी ओलांडलेला धडधाकट माणूसही रोज गोळी घेऊ लागला. त्याच अहवालात हृदयविकाराने होणारे एकंदर मृत्यू घटले नसल्याचेही नमूद होते, पण ते कोणाच्या लक्षात राहिले नाही.

इथे टक्केवारीचा हिशेब जरा सावकाश केला पाहिजे. २००९ साली जुन्या चाचण्यांमधील प्रत्येक रुग्णाची माहिती एकत्र करून एक मोठे विश्लेषण प्रसिद्ध झाले. ज्यांना पूर्वी झटका किंवा पक्षाघात होऊन गेला होता, त्यांच्यात ॲस्पिरिनविना वर्षाला ८.२ टक्के लोकांना पुन्हा गंभीर प्रसंग येत होता. ॲस्पिरिनमुळे ते प्रमाण ६.७ वर आले. दहा हजार रुग्णांमागे वर्षाला दीडशे जण वाचले असे याचे साधे भाषांतर होते. ज्यांना कधीच काही झाले नव्हते त्यांच्यात हाच आकडा ०.५७ वरून ०.५१ टक्क्यांवर आला, म्हणजे दहा हजारांमागे फक्त सहा जण. आणि या निरोगी गटात जठर-आतड्यांतून किंवा मेंदूव्यतिरिक्त अन्यत्र होणारा मोठा रक्तस्राव दहा हजारांमागे सातवरून दहावर गेला, म्हणजे तीन जणांना ॲस्पिरिनमुळे नवे संकट ओढवले. औषधाचा जोर दोन्हीकडे फार वेगळा नाही. वेगळी आहे ती मुळातली जोखीम. जिथे आगीची शक्यताच थोडी, तिथे रोज घरभर पाणी शिंपडले तर आगीपेक्षा ओलीचाच त्रास जास्त व्हायचा.

सहा विरुद्ध तीन हा हिशेब तरीही गोळीच्या बाजूचा वाटेल. परंतु त्या जुन्या चाचण्या झाल्या तेव्हा कोलेस्टेरॉल घटवणारी स्टॅटिन औषधे आजच्याइतकी सर्रास दिली जात नव्हती आणि रक्तदाबावरचे उपचारही आजच्याइतके काटेकोर नव्हते. मूळ जोखीम आणखी खाली आल्यावर ॲस्पिरिनला करण्यासारखे काम किती उरते, हे २०१८ साली एकाच वर्षात तीन मोठ्या चाचण्यांनी दाखवले. मधुमेह असलेल्या १५,४८० लोकांवरील ॲसेंड या चाचणीत सरासरी सात वर्षांहून अधिक काळात गंभीर प्रसंग ९.६ टक्क्यांवरून ८.५ वर आले, पण मोठा रक्तस्राव ३.२ वरून ४.१ टक्क्यांवर गेला. एका हाताने दिलेले जवळपास तेवढेच दुसऱ्या हाताने काढून घेतले गेले. अराइव्ह या दुसऱ्या चाचणीत मध्यम जोखमीच्या लोकांना ठळक फायदा दिसला नाही.

तिसरी ॲस्प्री, आणि ती वाचताना मला आईच डोळ्यांसमोर दिसत होती. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ वृद्धांना, त्यातल्या बहुतेकांचे वय सत्तर किंवा त्याहून अधिक, हृदयविकाराचा पूर्वेतिहास नसताना रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी दिली गेली. सुमारे पावणेपाच वर्षांनी पाहिले तेव्हा अपंगत्व व स्मृतिभ्रंशाशिवाय जगलेल्या आयुष्यात काहीही भर पडलेली नव्हती, हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार उल्लेखनीय प्रमाणात घटले नव्हते, आणि मोठा रक्तस्राव २.८ टक्क्यांऐवजी ३.८ टक्के लोकांना झाला होता. वय वाढते तशी झटक्याची जोखीम वाढते हे खरे, परंतु जठराचे अस्तर आणि मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्याही त्याच वेगाने नाजूक होत जातात. २०२२ साली यूएस प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने साठ किंवा त्याहून अधिक वयाच्या निरोगी लोकांनी प्रतिबंधासाठी ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नये असे स्पष्ट म्हटले. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या, जोखीम जास्त असलेल्या व रक्तस्रावाचा धोका नसलेल्या लोकांसाठी निर्णय डॉक्टरांशी बोलून वैयक्तिक पातळीवर घ्यावा असे सुचवले.

आईची गोळी 'आवरणाची' होती, म्हणजे जठरात न विरघळता आतड्यात विरघळणारी. त्यामुळे ती पोटाला बाधत नाही असा तिचा विश्वास होता, आणि तसा तो पुष्कळांचा असतो. व्रणाचे मुख्य कारण गोळीचा जठराला होणारा स्पर्श हे नाही. जठराच्या भिंतीवर संरक्षक बुळबुळीत थर राखण्याचे काम जी प्रोस्टाग्लँडिने करतात, ती ॲस्पिरिन रक्तामार्गे येऊनही बंद पाडते. त्यावर व्रणातून रक्त आलेच तर ते थांबवायला बिंबाणूही जायबंदी. आवरण यांपैकी कशालाच अडवत नाही. गुडघ्यांसाठी घेतलेले आयबुप्रोफेन या दुखण्यात भर घालते. त्याची आणखी एक खोडी अशी की ते ॲस्पिरिनच्या आधी घेतले तर विकराच्या तोंडाशी तात्पुरते अडून बसते, आणि ते बाजूला होईपर्यंत ॲस्पिरिन रक्तातून निघून गेलेले असते. म्हणजे पोटाला दुहेरी इजा आणि हृदयाला निम्माही लाभ नाही. ज्यांना दोन्ही औषधे खरोखर लागतात त्यांनी कोणते आधी व किती अंतराने घ्यायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आता बाबांकडे येतो. आईला घरी आणल्यावर पंधरा-वीस दिवसांनी मी डबी भरायला घेतली, तर खणाखणांतून पांढऱ्या गोळ्या तशाच पडलेल्या. बाकीची औषधे घेतलेली, ॲस्पिरिन मात्र बाजूला काढलेले. आईचे रक्त गेलेले पाहून ते हादरले होते, आणि तूळ राशीची हकीकत तर त्यांनी माझ्याच तोंडून ऐकलेली होती. "माझी रास तूळच ना रे?" असे त्यांनी अगदी शांतपणे विचारले. तो योगायोगाचा विनोद होता हे समजावण्यात माझी संध्याकाळ गेली. स्टेंट बसवलेल्या माणसाने ॲस्पिरिन परस्पर बंद करणे हे आईने परस्पर सुरू करण्यापेक्षा कितीतरी धोकादायक असते, कारण बिंबाणू आठवड्याभरात पूर्ववत होतात आणि धातूची जाळी व आजूबाजूचा मेदाचा थर त्यांची वाट पाहतच असतो. दात काढायचा असो किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असो, गोळी थांबवायची की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांनी सांगायचे. साध्या दात काढण्यासाठी ती सहसा थांबवतही नाहीत, हिरडी कापसाने दाबून धरली की भागते.

दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेले. त्यांनी रागावण्याऐवजी बाबांच्या जठराच्या रक्षणासाठी आम्ल कमी करणारी एक गोळी जोडून दिली, कारण वय पाहता तीही शंका रास्त होती. निघताना त्यांनी आम्हाला एक गोष्ट पुन्हा समजावली. छातीत दाब आल्यासारखे वाटून डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जाऊ लागली तर आधी रुग्णवाहिका बोलवायची, आणि ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा चालू रक्तस्राव नसेल तर साधी, आवरण नसलेली ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची गोळी चावून खायची. आवरणाची गोळी गिळली तर विरघळायला तासन्‌तास लागतात, चावलेली गोळी मात्र काही मिनिटांत बिंबाणूंपर्यंत पोहोचते. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे किंवा बोबडी वळणे अशी लक्षणे असतील तर मात्र ॲस्पिरिन हाती धरायचेच नाही, कारण पक्षाघात गुठळीमुळे झाला की मेंदूत रक्त सांडल्यामुळे, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

आईचे हिमोग्लोबिन आता अकराच्या वर आहे. गुडघ्यांना ती मलम लावते आणि कुरकुरते. साध्या ॲस्पिरिनची एक बाटली मी औषधांच्या कपाटात ठेवली आहे, आणि दर दोन महिन्यांनी झाकण उघडून तिचा वास घेतो. दमट हवेत ॲस्पिरिनचे विघटन होऊन ॲसिटिक आम्ल सुटते, तेव्हा गोळ्यांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला की बाटली बदलायची. बाबांची पट्टी सध्या बरोबर ठरलेल्या दिवशी संपते. ते मी न सांगता मोजतो, आणि मी मोजतो हे त्यांना ठाऊक आहे.